शाळेत आज काय बरं घडलं? सोलापुरातल्या मोजणीच्या नोंदी

२५ जून २०२४

शाळा नुकत्याच सुरू झाल्यात, तोवर काम ठरवून टाकलं. पूर्व भागातल्या महापालिकेच्या दोन मराठी शाळा आणि अक्कलकोट रोडकडची एक अनुदानित शाळा. वर्ग चौथी, पाचवी, सहावी. मुलांना शाळेत बरं कधी वाटतं, आणि ते मोजता येतं का, एवढाच प्रश्न.

प्रश्न का घेतला ते आधीच लिहून ठेवतो, नंतर धबडग्यात राहून जातं. मुलांविषयी आपण जे मोजतो ते बहुतेक बिघाडाचंच. गळती, गैरहजेरी, अप्रगत मुलांची यादी. एनसीईआरटीनं २०२२ साली सहावी ते बारावीच्या पावणेचार लाखांहून जास्त मुलांचं मानसिक आरोग्याचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांची काळजी वाटते असं ८१ टक्के मुलांनी सांगितलं, ही ओळ सगळ्या पेपरांत आली. त्याच अहवालात ७३ टक्के मुलं शाळेबद्दल समाधानी होती. ती ओळ मात्र फारशी कुणी उचलली नाही. ही मुलं नक्की कशावर खूश होती? खेळावर, मित्रांवर, की घरी बसण्यापेक्षा शाळा बरी म्हणून?

४ जुलै

वाचन. ह्यूबनर यांची १९९४ सालची जीवनसमाधानाची प्रश्नावली पाहिली. ४० विधानं, कुटुंब, मित्र, शाळा, राहती जागा आणि मी स्वतः असे पाच विभाग. भक्कम आहे, पण चौथीच्या पोराला ४० विधानं म्हणजे अख्खा तास गेला. त्यात काही विधानं उलटी घातलेली. ‘मला शाळेत वाईट वाटतं’ याला ‘कधीच नाही’ म्हणायचं, म्हणजे दोन नकारांची कसरत; या वयाची मुलं तिथं हमखास गडबडतात.

दुसरी मोजपट्टी खास शाळेतल्या चांगल्या अनुभवांची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या मायकल फरलाँग आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली मांडलेली, चौथी ते सहावीच्याच मुलांसाठी. छोटी आहे. चार गोष्टी विचारते: कृतज्ञता, उत्साह, पुढं चांगलं होईल ही आशा, आणि चिकाटी. चारही शाळेपुरत्या. म्हणजे ‘तू आनंदी आहेस का’ असा मोघम प्रश्न नाही, ‘शाळेत नवीन काही शिकताना मजा येते का’ असा. या चार गोष्टी एकत्र आल्या की त्यांचं बळ सुट्या सुट्या बेरजेपेक्षा जास्त, असा त्यामागचा विचार. त्याला त्यांनी ‘कोव्हायटॅलिटी’ म्हटलंय. वैद्यकात दोन-दोन आजार सोबत असण्याला जसं नाव असतं, त्याची उलटी बाजू.

हीच घेऊ. एक शंका आत्ताच टोचतेय ती नोंदवतो. चारही गोष्टी मुलाच्या अंगच्या गुणांसारख्या वाटतात. स्कोअर कमी आला तर खापर कुणावर फुटणार? आपल्याकडं तरी पोरावरच. ‘बघा, याच्यात चिकाटीच नाही.’

१२ जुलै

परवानग्या. पालकांच्या संमतीची सभा संध्याकाळी सातला ठेवली, कारण पूर्व भागात आया दिवसभर विड्या वळतात आणि त्या कारखान्यात देऊन आल्याशिवाय कुणाला मोकळीक नाही. बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात; सहकारी मॅडमनी सगळं तेलुगूत पुन्हा सांगितलं तेव्हा कुठं प्रश्न यायला लागले. पहिला प्रश्न: पोराचं नाव कुठं जाणार? कुठंच नाही. नाव, हजेरी क्रमांक काहीच घेत नाही. फक्त इयत्ता आणि मुलगा की मुलगी. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला पालकांची संमती लागतेच, पण कायदा नसता तरी नाव घेतलं नसतं. नावाचा कागद शाळेत राहिला की त्याचं काय होईल सांगता येत नाही.

मुलांनाही वेगळं विचारायचं ठरलं. पालक हो म्हणाले आणि पोरगं नाही म्हणालं, तर पोराचं खरं.

शिक्षकांचा एकच प्रश्न: ‘सर, हे शाळा सिद्धीत (शाळांच्या सरकारी मूल्यमापनात) धरणार का?’ नाही म्हटल्यावर चहा आला.

३० जुलै

आज मुलांना एकेकट्यानं बसवून विधानं वाचून दाखवली आणि विचारलं, तुला यात काय विचारलंय असं वाटतं? उत्तर काय देतो ते बाजूला, आधी कळलं काय ते बघायचं. वाचूनच दाखवायचं हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. मुलांना वाचता येतं का ते बघणाऱ्या ‘असर’च्या २०२२ च्या ग्रामीण पाहणीत देशभरात पाचवीतली ४२.८ टक्केच मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. शहरात चित्र थोडं वेगळं असेल, पण कागद हातात देऊन बाजूला झालो तर आम्ही वाचनच मोजून बसू.

‘या शाळेत शिकायला मिळतं म्हणून मी नशीबवान आहे.’ हे विधान ऐकलं की पोरं ताठ होतात. अक्षरशः पाठ सरळ होते. पाचवीतला एक तर उभाच राहिला. प्रतिज्ञेचा सूर लागतो आणि उत्तर ‘हो सर!’ असं परिपाठातल्यासारखं येतं. काय कळलं विचारलं तर म्हणाला, ‘शाळेचं नाव मोठं करायचं.’ कृतज्ञतेची आणखी दोन विधानं होती, तिन्हींची हीच गत.

चिकाटीच्या विधानाला सहावीतली एक मुलगी म्हणाली, ‘बरोबर येईपर्यंत करत राहते, नाहीतर बाई पाच वेळा लिहायला लावतात.’ आता हिला चारपैकी चार गुण द्यायचे? आमच्या मोजपट्टीवर ती चिकाटीत पहिली.

आशेचं विधान मात्र छान चाललं. ‘शाळेत काही अडचण आली तर ती पुढं सुटेल.’ एकानं लगेच उदाहरण दिलं: मैदानावर मोठी पोरं चेंडू देत नव्हती, आता देतात.

उत्तरासाठी आम्ही चार चेहरे काढले होते, रडका ते हसरा. पोरांनी हसऱ्याला दाढी-मिश्या काढल्या आणि रडक्याला कुणी हात लावेना. रडकं कोण म्हणवून घेणार? चेहरे रद्द. त्याऐवजी पाण्याचे चार पेले काढायचे: रिकामा, थोडा, बराच, काठोकाठ. मॅडमनी एकीला ते दाखवून विचारलं तर ती म्हणाली, ‘आज नळ येणारे का?’ चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हे चित्र सगळ्यांना समजतं, एवढं नक्की.

मॅडमचं एक निरीक्षण महत्त्वाचं. घरी तेलुगू बोलणारी मुलं मराठीत विचारलं की ‘आवडतं’ म्हणून मोकळी होतात. तेच तेलुगूत विचारलं की गोष्ट सांगतात. त्यामुळं तोंडी भाग तेलुगूतही घ्यायचा. उशीर होईल, होऊ दे.

२० ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमा, मार्कंडेय महामुनींचा रथ. आज वर्ग अर्धे रिकामे, आलेली मुलं पेंगुळलेली. मोजणी पुढं ढकलली. सोलापुरात तारीख ठरवताना पंचांग जवळ ठेवायला हवं.

२४ सप्टेंबर

चाचणी फेरी झाली. मॅडमनी आणि मी दिवसभर कागद एक्सेलमध्ये भरले. भरताना कंटाळा आला तो कामाचा नव्हता, आकड्यांचा होता. चार, चार, चार, चार. उजवीकडचा काठोकाठ पेला कागदामागून कागद भरलेला.

एका वर्गात वर्गशिक्षक ‘मी मागं बसतो, तुम्ही चालू द्या’ म्हणाले आणि खरंच मागं बसले. त्या वर्गात तर एकही रिकामा पेला नाही. दुसऱ्या वर्गात शिक्षक ऑनलाइन माहिती भरायला ऑफिसात गेले होते; तिथं थोडी तरी चढउतार आहे. पुढच्या फेरीत शिक्षक वर्गाबाहेर, हा नियम.

संध्याकाळी संस्थेतल्या एका सरांनी अल्फा काढला (क्रोनबाख यांनी १९५१ साली दिलेलं ते सूत्र, प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारं) आणि खूश होऊन फोन केला की छान आलाय, अहवालात टाकू. मी म्हटलं, सर, एक साधं गणित करून बघा. चार प्रश्न आहेत. अर्ध्या वर्गानं चारही ठिकाणी ४ दिलेत, अर्ध्यानं चारही ठिकाणी ३. कुणी प्रश्न ऐकलेलाही नाही. प्रत्येक प्रश्नाचं प्रचरण (उत्तरं किती विखुरलीत त्याचं माप) ०.२५, चारांचं मिळून १. बेरजा १६ आणि १२, त्यांचं प्रचरण ४. सूत्रात घाला: चार भागिले तीन, गुणिले एक वजा एक-चतुर्थांश. उत्तर बरोबर १. याहून मोठा अल्फा नसतो. म्हणजे एकाच रांगेत टिका मारत जाणारी पोरं अल्फा वाढवून देतात. सर जरा गप्प बसले, मग म्हणाले, ‘तरी टाकूच, खाली तळटीप देऊ.’ तळटीप कोण वाचतं!

९ ऑक्टोबर

पूर्व भागात बतुकम्माची, म्हणजे तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणाची धामधूम, त्यात प्रथम सत्राची परीक्षा तोंडावर. शाळेत जायला हरकत होती, म्हणून बसून बोललो.

माझं म्हणणं मी मांडलं. आपण मुलाला विचारतोय ‘तू कसा आहेस’, आणि मूल सांगतंय ‘मी चांगला आहे’. ते बरोबरच आहे. मोठ्यांनी असं विचारलं की असंच सांगायचं हे त्याला पहिलीपासून शिकवलंय. गुण मुलाचा न विचारता दिवस विचारला तर? काल शाळेत तुला कुणी नावानं हाक मारून काही काम सांगितलं का? काल खेळायला मिळालं का? न कळलेलं कुणाला विचारता आलं का? घडलं की नाही घडलं. यात चांगलं-वाईट ठरण्याची भीती कमी.

मॅडमना पटलं, सरांना नाही. त्यांचा मुद्दा हलका नव्हता: घटना मोजल्या तर त्या शाळेच्या झाल्या, मुलाच्या मनाचं काय? एकाच खेळाच्या तासाला एक पोरगा फुलतो, दुसरा कोपऱ्यात उभा असतो.

शेवटी तोडगा निघाला तो डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या पद्धतीतून. त्यांनी मोठ्या माणसांना कालचा दिवस तुकड्यातुकड्यानं आठवायला लावला आणि प्रत्येक तुकड्यात कसं वाटलं ते विचारलं. शाळेचा दिवस तर आयता तुकड्यांतच असतो, घंटा वाजवून पाडलेला. प्रार्थना-परिपाठ, पहिले तास, गृहपाठ तपासणी, लघवीची सुट्टी, खिचडी, दुपारचे तास, खेळ, शाळा सुटणं. कागदाची एक लांब पट्टी, त्यावर हे चौकोन, प्रत्येकात एक रिकामा पेला. मुलानं निळ्या पेन्सिलीनं हवा तेवढा भरायचा. फरलाँग यांच्या चारांपैकी आशा आणि उत्साहाची विधानं ठेवू. कृतज्ञता आणि चिकाटी आमच्या वर्गांत तरी मोजली जात नाही, ती दाखवली जाते, ती काढली.

१९ नोव्हेंबर

उद्या विधानसभेचं मतदान. निम्मे शिक्षक निवडणूक ड्युटीवर, वर्गांत मतदान केंद्रं. काम बंद.

७ डिसेंबर

शनिवार मुद्दाम निवडला. राज्यात पहिली ते आठवीला ‘आनंददायी शनिवार’ आहे, तेव्हा या दिवसाची पट्टी आणि साध्या वाराची पट्टी शेजारी ठेवून बघायची.

पट्टी बघून पोरं कामाला लागली ती बघण्यासारखी होती. एकानं खिचडीचा पेला भरून वर सांडलेलंही दाखवलं. शेजारचा म्हणाला, ‘काय बे, एवढी खाल्ली का?’ ‘खाल्ली नाही बे, वाढली. आज वाढायला मी होतो.’ खिचडी नाही, वाढपी होणं. हे कागदावर कधीच कळलं नसतं, म्हणून तोंडी विचारणं सोडायचं नाही.

असंच पुढं येत गेलं. घंटा देणं. फळा पुसणं. ऑफिसातून खडू आणणं. हजेरी बाईंकडं नेऊन देणं. पेला भरलाय तिथं बहुतेक ठिकाणी पोराच्या हातात काहीतरी सोपवलेलं आहे. आणि ही कामं मोजक्याच मुलांकडं फिरतात, ज्यांना बाई ‘हुशार’ म्हणतात त्यांच्याकडं. मागच्या बाकावरच्या एकाला विचारलं तुला कधी घंटा द्यायला मिळाली का, तर हसला नुसता.

आनंददायी शनिवारची गंमत अशी की जिथं शिक्षकांनी खेळ-हस्तकला मुलांवर सोडली तिथं पेले भरले, आणि जिथं ‘आता आनंददायी उपक्रम’ म्हणून रांगेत बसवून भाषण झालं तिथं परिपाठापेक्षाही रिकामे राहिले.

१० डिसेंबर

मंगळवारची पट्टी. सहावीच्या मुलींच्या कागदांत एक गोष्ट सारखी दिसायला लागली. लघवीच्या सुट्टीचा चौकोन रिकामा. मुलांचा तोच चौकोन भरलेला, कारण त्यांची ती खेळायची वेळ. एकीनं तर पेल्यावर फुलीच मारली होती.

मॅडमनी मुलींना घेऊन बाहेर पायरीवर बसून विचारलं. मी लांब थांबलो. मॅडमनी नंतर सांगितलं ते असं: टाकीत पाणी नसलं की मोरीत जाववत नाही, म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दुपारी डोकं दुखतं. दुपारच्या तासांचे पेले रिकामे का, त्याचं उत्तर इथं आहे. आम्ही ते गणिताच्या नावावर लिहून मोकळे झालो असतो.

आमच्या सुरुवातीच्या चारही गोष्टींत याला जागा नव्हती. या मुलीला उत्साह किती आहे ते विचारून तिच्या उत्साहाचा आकडा मिळाला असता, टाकीचा नाही.

दुसरी नोंद, ही मला जास्त अवघड गेली. पाचवीतल्या एका मुलीचे सगळे पेले काठोकाठ. आधी वाटलं टिका मारत गेलीय. विचारल्यावर म्हणाली, शाळा सुटली की सूप मांडीवर घेऊन बसायचं, आईचा हजार विड्यांचा हिशेब पुरा करायला पानं कापून द्यायची. शाळेत बसायचं एवढंच काम. त्यामुळं शाळा सगळीच चांगली. तिची पट्टी खरी आहे, पण तो आकडा शाळेचं कौतुक म्हणून वापरता येणार नाही. जूनच्या नोंदीतल्या ७३ टक्क्यांचा प्रश्न इथं थोडा उलगडला.

पट्टीच्या शेवटी एक चौकोन वाढवायचा: ‘घरी गेल्यावर’. फक्त पेला. खोदून विचारायचं नाही.

८ जानेवारी २०२५

शिक्षकांची बैठक. परितेवाडीच्या डिसले गुरुजींचा विषय निघालाच. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार आपल्या जिल्ह्यात आला, तेव्हा आपल्याकडं आनंद मोजायला काय जायचंय, असं एक सर म्हणाले. पुरस्काराचा अभिमान मलाही आहे. पण एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाचा तो सन्मान होता. दुसऱ्या शाळेतल्या सहावीच्या मुलींचा मंगळवार त्यानं कळत नाही.

सोपवलेल्या कामांचा मुद्दा मांडला तेव्हा एक बाई सरळ म्हणाल्या, ‘सर, ४५ पोरं आहेत. जे पटकन करून येईल त्यालाच सांगणार ना मी?’ त्यांचं खोटं नाही. मग त्यांनीच सुचवलं की हजेरीच्या क्रमानं कामं लावून भिंतीवर तक्ता टांगू. मोठ्या बाईंनी लगेच पुठ्ठा मागवला.

गृहपाठ तपासणीवर मात्र खडाजंगी. वर्गासमोर वही उघडून ‘हे बघा याचं अक्षर’ म्हणणं, हा पट्टीवरचा सगळ्यात रिकामा क्षण आहे, तिन्ही शाळांत. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमात शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही बंदी आहे, हे मी काढलं नाही. काढलं असतं तर बैठक तिथंच संपली असती. एवढंच म्हटलं की वही टेबलाशी बोलावून तपासली तर पुढच्या फेरीत काय होतं ते बघू. दोघांनी मान डोलावली. बाकीचे घड्याळ बघत होते.

२१ जानेवारी

सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा अजून होम मैदानावर आहे. आज पट्टी भरून घेतली नाही. पोरांच्या डोक्यात पाळणे फिरतायत. शाळेतल्या कुठल्याही चौकोनाला आज न्याय मिळाला नसता.

११ फेब्रुवारी

दुसरी फेरी. कामांचा तक्ता लावलेल्या वर्गात मागच्या बाकांचे पेले हललेत, हे उघड दिसतं. गृहपाठाचा चौकोन एका वर्गात सुधारला, बाकी ठिकाणी जैसे थे. टाकी तशीच आहे. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीकडं जायचं ठरलं. कायद्यानं या समितीत किमान ७५ टक्के पालक असतात, आणि मुलींच्या आयांना हा विषय समजावून सांगावा लागणार नाही.

निकाल द्यायचे कसे यावर वाद घालून नियम केले. एकट्या मुलाची पट्टी कुणालाच दाखवायची नाही, शिक्षकांनाही नाही. दहापेक्षा कमी मुलं असलेल्या गटाचं वेगळं चित्र द्यायचं नाही, नाहीतर चार मुलींच्या वर्गात कुणी काय लिहिलं ते लगेच ओळखू येतं. शाळांची एकमेकींशी तुलना नाही. अनुदानित शाळेच्या संस्थाचालकांना नेमकी तीच हवी होती; बोर्डावर ‘आनंदात अव्वल’ लिहायचं असणार. त्यांची नाराजी पत्करली. या आकड्यांवर क्रमांक लागायला लागले की पुढच्या वर्षी शिक्षक पुन्हा वर्गात मागं येऊन बसतील आणि सगळे पेले काठोकाठ होतील.

४ मार्च

पुढच्या वर्षाचा कागद कायम केला. एक पट्टी, आशा आणि उत्साहाची विधानं, घडलं-नाही घडलं प्रकारचे थोडे प्रश्न, आणि दर वर्गातल्या काही मुलांशी तोंडी बोलणं, मराठी आणि तेलुगूत. उर्दू आणि कन्नड माध्यमाच्या शाळांकडून विचारणा आहे. त्या भाषांत बोलणारं माणूस मिळाल्याशिवाय हो म्हणायचं नाही.

सरांना अजून एकच एक आकडा हवाय, वरच्या कार्यालयात सांगायला. पट्टीची सरासरी काढून देता येईल, पण देणार नाही. खिचडीचा भरलेला पेला मोरीच्या रिकाम्या पेल्यात ओतला की दोन्ही दिसेनासे होतात. त्याऐवजी दर वर्गाचे सगळ्यात भरलेले दोन आणि सगळ्यात रिकामे दोन चौकोन द्यायचे. सरांनी ‘बरं, बघू’ म्हटलंय.

समितीची बैठक परीक्षेआधी आहे, टाकीचा विषय पत्रिकेवर घेतलाय. पुढची पहिली फेरी जुलैच्या शेवटी ठेवायची. जूनमध्ये नको, नवी पुस्तकं हातात असतात तेव्हा सगळ्यांनाच शाळा आवडते.